समदुःखी साथी घडवताना
(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त साक्कोट्टै, कुंभकोणम येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



कुंभकोणमला लागून असलेल्या या साक्कोट्टै गावच्या प्राचीन शिवालयातील देवाचे नाव अमृतकलशनाथ. प्रलयाच्या पाण्यावर तरंगत आलेल्या अमृतकुंभाची कथा या साऱ्या परिसराशी जोडलेली आहे आणि कुंभकोणम हे नावही त्या कुंभावरूनच सांगितले जाते. अशा गावी, अशा मंगल प्रसंगी व्यसनाचा विषय निघावा, हे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु साठ वर्षांतील गुणवंतांची नावे शाळेच्या फलकावर लिहिलेली असतात, तशी काही घरांतील दुःखे कुठेच लिहिलेली नसतात. गुणवंतांविषयी या अंकात इतरत्र पुष्कळ येणारच आहे. हे चार शब्द त्या न लिहिलेल्या घरांसाठी आहेत.

अशा घरातील घटनाक्रम बहुधा ठरलेला असतो. दहावीतल्या मुलाच्या दप्तरात व्हाइटनरची बाटली सापडते, पंक्चरच्या सोल्युशनची नळी सापडते, किंवा महाविद्यालयात गेलेल्या मुलाच्या खिशात गांज्याची पुडी. आई ती पदराआड लपवते आणि वडिलांना सांगत नाही. वडिलांना कळते तेव्हा मार बसतो, मग शपथा होतात, देवासमोर उभे करणे होते. पुढे घरातले पैसे जातात, दागिना जातो. नातेवाइकांना ‘त्याची प्रकृती बरी नसते’ असे सांगितले जाते. एखाद्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत दोन-तीन वर्षे उलटलेली असतात. या साऱ्या काळात त्या आईशी मोकळेपणाने बोललेले माणूस बहुधा एकही नसते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्याही स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मुलांत मोठ्यांपेक्षा अधिक आहे, मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के, हेही त्याच अहवालाने दाखवले. उपचारांची सोय अपुरी आहे हे खरेच. पण जिथे सोय आहे तिथेही लाजेपोटी न पोहोचणारी कुटुंबे आहेत. त्यांना हाताला धरून दारापर्यंत नेणारे कोण, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर इथून फार दूर नसलेल्या मंजक्कुडीत पूर्वीच शोधले गेले. हे गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यात होते, आज ते तिरुवारूर जिल्ह्यात येते. शांती रंगनाथन यांचे पती व्यसनामुळे अकाली गेले. त्या दुःखातून त्यांनी १९८० साली चेन्नईत टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान उभे केले. शहरातील रुग्णालयात खेड्यातला शेतमजूर येऊ शकत नाही, हे ओळखून संस्थेने मंजक्कुडीत शिबिरे घेण्यास आरंभ केला. रुग्णाला गावापासून तोडायचे नाही, उपचारच गावात न्यायचे, आणि त्यात घरच्या माणसांनाही सामावून घ्यायचे, अशी ती रीत होती. त्या अनुभवावर रंगनाथन यांनी लिहिलेला लेख १९९४ साली ‘अ‍ॅडिक्शन’ या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरकारी दारूच्या दुकानांचे जाळे असलेल्या या राज्यात एका विधवेने आपल्या दुःखाची अशी वाट काढावी, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकांना पुण्याचे मुक्तांगण ठाऊकच आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेखन केले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढाकार घेतला, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू झाले. तिथे बरे झालेले अनेक जण पुढे समुपदेशक झाले. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही तिथे चालतो. ज्या बाईने स्वतः रात्र रात्र जागून काढली आहे, तिच्यापुढे दुसरीला लाज वाटत नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या ‘अल-अनॉन’च्या गटांचे तत्त्वही हेच.

मात्र समदुःखी असणे आणि साथी होणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर प्रशिक्षणाने भरावे लागते. स्वतः सोसलेली बाई दुसरीला भेटली की पहिल्या पाच मिनिटांत स्वतःची कहाणी सांगू लागते. तिला ते सांत्वन वाटते. ऐकणारीला मात्र आपले दुःख बाजूला सारले गेल्यासारखे होते. त्यानंतर येतात उपदेश: ‘आमच्या मुलाला आम्ही अमुक ठिकाणी ठेवले, तुम्हीही ठेवा.’ एका मुलाला लागू पडलेले दुसऱ्याला पडेलच असे नाही. म्हणून प्रशिक्षणातील पहिला आणि सर्वांत कठीण धडा गप्प बसण्याचा आहे. दोघींनी समोरासमोर बसावे, एकीने आईची भूमिका घ्यावी, आणि तिचे बोलणे थांबल्यावर दुसरीने निदान काही क्षण तोंड उघडू नये, असा हा सराव असतो. शिक्षकांना हा सराव सर्वांत जड जातो, कारण शांतता दिसली की ती भरून काढण्याची त्यांना सवय असते.

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने या कामाला शिस्तबद्ध रूप दिले आहे. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी ब्रिटिश अभ्यासकांनी आखलेली पाच पायऱ्यांची पद्धत तिथे साध्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून वापरून पाहिली गेली. हे कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. समदुःखी असलेच पाहिजेत, अशीही अट नव्हती. दोष न देता ऐकणे, नेमकी माहिती देणे, आजवर कसे तोंड दिले याचा विचार करणे, आधाराची माणसे शोधणे आणि पुढील मदतीची दिशा दाखवणे, अशा त्या पायऱ्या. यांतील तिसरी पायरी विशेष मननीय आहे. घरची माणसे तीन प्रकारे वागतात: सोसतात, सामना करतात किंवा अंतर राखतात. यांतील एकच मार्ग बरोबर, असे ही पद्धत सांगत नाही. प्रत्येक मार्गाची किंमत काय, आणि ती आज कोणाला मोजावी लागते आहे, एवढे त्या आईला स्वतः पाहू देते. आपल्याकडे सोसण्याचेच कौतुक फार, त्यामुळे ‘थोडे अंतर राखले तरी चालेल’ हे ऐकूनच कित्येक बायकांना रडू कोसळते.

माहितीच्या बाबतीत साथीने काही गोष्टी चोख जाणल्या पाहिजेत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. झटके येतात, भ्रम होतो, त्यासाठी डॉक्टरांची देखरेख हवी. काही काळ थांबलेल्याने गर्दसारखा पदार्थ पूर्वीच्याच प्रमाणात पुन्हा घेतला, तर तो प्राणघातक ठरू शकतो. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांना हेही सांगावे की, स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये अल्प प्रमाणापुरते खटल्यापासून संरक्षण आहे. केंद्र निवडताना नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, मुलाला भेटू देतात का, हे विचारायला शिकवावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक साथीला पाठ असावा. मुलाने जीव देण्याची भाषा केली किंवा घरात मारहाण होत असेल, तर तिथे साथीचे काम संपते आणि तज्ज्ञाचे सुरू होते. ही सीमा ओळखता न येणाऱ्याला, तो कितीही कनवाळू असला तरी, हे काम देऊ नये.

कोणाला घ्यावे, हाही प्रश्न नाजूक आहे. ज्यांच्या घरातील आग अद्याप विझलेली नाही, त्यांनी काही काळ थांबावे. ज्या आईचा मुलगा हाती लागलाच नाही, ती कदाचित सर्वांत समर्थ साथी होईल; पण तिला कोणी बोलावू नये, ती स्वतःहून आली तरच. आणि प्रत्येक साथीचे मन ऐकणारे अनुभवी माणूसही महिन्यातून एकदा हवेच, अन्यथा इतरांची दुःखे वाहता वाहता ती स्वतःच खचेल.

परप्रांतात वसलेल्या मराठी समाजापुढे एक वेगळी अडचण आहे, आणि ती इथे बोललीच पाहिजे. तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून कावेरीकाठी रुजलेल्या, सर टी. माधवरावांसारखा मुत्सद्दी दिवाण देणाऱ्या या समाजात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. आत्याची नणंद, मावसभावाचे सासरे! गावातल्याच साथीकडे बोललेला शब्द लग्नाच्या पंगतीत पोहोचण्याचे भय खोटे नाही. उलट, तमिळ समुपदेशकापुढे सारे व्यवहार बोलता येतात, पण रडू घरच्या भाषेतच येते. यावर उपाय एकच दिसतो: साथी भाषेचा असावा, पण गावचा नसावा. कुंभकोणमच्या आईला पुण्याची किंवा बेळगावची साथी मिळावी आणि तिकडच्या आईला इथली. दूरध्वनीने हे सहज साधेल. त्यासाठी नाना गावी विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांएवढे सोयीचे जाळे दुसरे कोणते असणार?

शाळेने या वर्षी अशा पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण योजले आहे. तज्ज्ञ मार्गदर्शक बाहेरून येतील आणि शिक्षकांनाही विद्यार्थी म्हणूनच बसावे लागेल. प्रत्यक्ष येऊन बोलू इच्छिणाऱ्या पालकांसाठी ग्रंथालयामागची लहान खोली शनिवारी दुपारी मोकळी ठेवली जाईल. तिथे दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि दूरध्वनी असेल. दारावर पाटी लावायची नाही आणि येणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे नाही, असे ठरले आहे. ग्रंथालयात पुस्तक परत करायला आले, असे कोणालाही सांगता येईल.