वार, साखर आणि चरबी

बाळ जन्मले की मागून वार पडते, आणि ती पुरली की तिची आठवण कुणी ठेवत नाही. अर्ध्या किलोच्या आसपासचा हा जांभळट, मऊ अवयव नऊ महिने आईच्या रक्तातून बाळाचा घास निवडून देतो. आईच्या रक्तातली चरबी जशीच्या तशी पलीकडे जात नाही. वारेवरची विकरे तिचे तुकडे करतात, मेदाम्ले सुटी होतात. त्यांतली काही वार स्वतःसाठी जाळते, उरलेली बाळाला देते. आईला मधुमेह असला की हा व्यवहार बिघडतो. वारेत मेदाम्लांचे ज्वलन मंदावते, पेशींत चरबीचे थेंब साठतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. उलट मेंदूच्या वाढीला लागणारे डीएचए हे मेदाम्ल अशा बाळांच्या नाळेतल्या रक्तात कमी आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. शिवाय आईची साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते आणि जादा साखर चरबी म्हणून अंगात साठवते. गरोदरपणातला मधुमेह हा नुसता साखरेचा आजार नाही, तो असा.

यावर आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हमखास विचारले जाते, की दिवसभर कापूस वेचणाऱ्या, काटक बाईला कसली आली शुगर? या शंकेचे उत्तर महाराष्ट्रातल्याच खेड्यांनी दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सर्वसाधारण मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंत बरीच कमी पडली, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशीच बाळे मोठी होऊन पुढे आया होतात; म्हणजे अंगकाठी पाहून आतल्या चरबीचा अंदाज बांधता येत नाही, आणि बारीक बाईला तपासणीतून वगळताही येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की बाळंतपणानंतर साखर उतरतेच ना? बहुतेकींची उतरते; पण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका आईला राहतो, आणि लेकरालाही. मग जेवण तोडायचे का? मुळीच नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी हवीच. ती थोडी थोडी, अधिक वेळा खावी, आणि चहातली साखर आवरावी. एवढ्याने साखर आटोक्यात आली नाही, तर डॉक्टर औषध देतात. वारेत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, रक्त मात्र तपासता येते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू. त्यासाठी उपाशीपोटी यावे लागत नाही. म्हणून घरातल्या सासूबाईंना, जावेला, आशाताईंना विनंती आहे: सून गरोदर आहे हे कळताच ही तपासणी करून घ्या, आणि ती चांगली आली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करा.