आकाशातले पंचांग आणि झुडपातला डबा



१ मे २००० रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक घोषणा केली. जीपीएस ही अमेरिकी लष्कराने उभारलेली उपग्रहांची यंत्रणा. पृथ्वीवर आपण नेमके कुठे उभे आहोत, हे ती सांगते. मात्र सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात लष्कर तोवर मुद्दाम खोट मिसळत असे. यंत्राने दाखवलेली जागा त्यामुळे शंभरेक मीटरने चुकायची. ही खोट त्या मध्यरात्री काढून घेतली गेली आणि जगभरच्या छोट्या यंत्रांची चूक एकाएकी दहा-वीस मीटरांवर आली.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल, घेवड्याचा डबाबंद डबा, वही आणि पेन्सिल होती. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले. अट एवढीच, की एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा आणि वहीत नोंद करा. माइक टीग याने थोड्याच दिवसांत ती बादली शोधून काढली. त्याच महिन्यात या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत.

लष्कराच्या कामासाठी सोडलेले उपग्रह आणि त्यांच्या भरवशावर अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी ठेवलेले डबे. मला या खेळाची गोडी लागली ती या विसंगतीमुळे. पण तो खेळायचा तर हातातले यंत्र कळले पाहिजे. आज त्याविषयीच बोलू.

तुमच्या घरातला रेडिओ आणि हे यंत्र यांची जात एकच. दोन्ही फक्त ऐकतात, बोलत नाहीत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि ‘मी अमुक जागी आहे, आता इतके वाजले आहेत’ असा निरोप तो सतत पाठवत असतो. निरोप पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढते. तीन अंतरांवरून जागा ठरते. यंत्रातले घड्याळ मात्र साधे असते. त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

सगळे उपग्रह कोणत्या वेळी कुठे असतील, याचे एक कोष्टकही ते पाठवतात. इंग्रजीत त्याला ‘ऑल्मनॅक’ म्हणतात, म्हणजे आपले पंचांगच. पूर्ण पंचांग उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून नवे किंवा बरेच दिवस बंद असलेले यंत्र सुरू केले, की उघड्या आकाशाखाली ते थोडा वेळ स्वस्थ ठेवावे. सुरू करून लगेच झाडीत शिरलात, तर ते गोंधळते आणि आपण त्याला नावे ठेवतो.

आता खरेदीचा प्रश्न. पहिला सवाल असा, की हातात मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला? शहरात आणि बागेत मोबाइल पुरतो. एखादा डबा शोधून बघायचा असेल, तर आधी मोबाइलवरच खेळून बघा. खेळ रुचला, जंगलात आणि डोंगरात जायचे ठरले, की वेगळ्या यंत्राचा विचार करा. पाऊस, चिखल आणि हातातून पडणे हे सगळे ते सोसते. भर उन्हात त्याचा पडदा स्वच्छ दिसतो आणि अनेक यंत्रे भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसल्या दोन सेलवर चालतात. सेल संपले, तर खिशातून दुसरे काढून घालता येतात. शिवाय वाट शोधण्यात मोबाइल संपवला, तर अडचणीत मदतीला हाक मारायची कशाने?

गार्मिन कंपनीचे इट्रेक्स हे पिवळ्या रंगाचे छोटे यंत्र २००० साली आले आणि या खेळाची जणू खूणच बनले. त्याच्या पुढच्या पिढ्या आजही मिळतात. त्याच कंपनीची जीपीएसमॅप ही मालिका मोठी आणि महाग आहे. तिच्या डोक्यावर शिंगासारखी अँटेना असते आणि ती दाट झाडीत संदेश चांगला पकडते. दुकानात गेल्यावर चार गोष्टी विचारा. पहिली, यंत्र फक्त जीपीएस ऐकते, की रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओही ऐकते? जितके जास्त उपग्रह, तितका अरुंद दरीत आधार. दुसरी, ते दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकते का? कड्यावर किंवा उंच इमारतीवर आपटून आलेला निरोप हा प्रतिध्वनीसारखा असतो. तो लांबून आल्यासारखा वाटतो आणि अंतर चुकवतो. दोन लहरी ऐकणारे यंत्र ही फसवणूक बरीचशी ओळखते.

तिसरी गोष्ट होकायंत्राची. स्वस्त यंत्राला दिशा कळते ती आपण चालत असताना. उभे राहिलात, की त्याचा बाण भरकटतो. शेवटच्या वीस पावलांत आपण सारखे थांबत असतो, त्यामुळे आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेले यंत्र घेतलेले बरे. सेल बदलल्यावर ते एकदा जुळवून घ्यावे लागते. चौथी गोष्ट, नकाशे साठवायला कार्डाची सोय. उंची मोजणारा वायुभारमापक, कॅमेरा, गाणी यांसाठी जादा पैसे मोजू नका. डबा सापडायला त्यांची मदत होत नाही.

एक महत्त्वाची सूचना. काही यंत्रे ऐकतात तशी बोलतातही, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवतात. भारतात अशी साधने परवानगीशिवाय आणता येत नाहीत. परदेशी पाहुण्यांना त्यापायी विमानतळावर अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. मुले-नातवंडे परदेशातून भेट म्हणून यंत्र आणणार असतील, तर हा फरक त्यांना आधी सांगा.

यंत्र आले, तरी निम्मे काम घरातल्या टेबलावर होते. यंत्राबरोबर येणारा नकाशा बहुधा ढोबळ असतो. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी लोकांसाठी केलेला नकाशा २००४ पासून तयार होतो आहे. तो यंत्रात फुकट भरता येतो आणि जिथे हौशी माणसे जास्त, तिथे तो पायवाटांपर्यंत अचूक असतो. डब्यांची माहिती जीपीएक्स नावाच्या फाइलमधून येते. ती संगणकावरच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की सगळे डबे नकाशावर टिपक्यांसारखे दिसतात. गार्मिनचे बेसकॅम्प, ईझीजीपीएस किंवा खास या खेळासाठी केलेले जीएसएके, यांतले कुठलेही चालेल.

नकाशा नुसता बघू नका, वाचा. समोच्च रेषा एकमेकींना खेटल्या असतील, तर तिथे चढ उभा आहे. डबा ओढ्याच्या कुठल्या काठावर आहे आणि पूल कुठे आहे, तेही बघून ठेवा. यंत्र ‘३०० मीटर’ म्हणते, ते पाखराचे अंतर. मधे कडा असेल, तर माणसाला तेच अंतर दोन तासांचे होते. सह्याद्रीत पावसाळी धुक्यात बाणाकडे बघत चालणाऱ्याला हे कळले नाही, तर जिवाशी गाठ आहे. यंत्र दिशा सांगते, वाट सांगत नाही. वाट नकाशावरून आणि गावच्या माणसाला विचारून ठरवायची.

आता आकड्यांची गंमत. या खेळात जागा अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश अशी लिहितात. पहिल्या बादलीचा अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर. हाच आकडा कुणी ४५.१७४६० अंश म्हणून भरला, तर तो जवळजवळ तेरा किलोमीटर दूर जाऊन पोहोचेल. १७ मिनिटे ४६ सेकंद असा भरला, तर सुमारे ५७० मीटर चुकेल. म्हणून आकडे भरण्याआधी यंत्रातली मांडणी तपासा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेदोन-दोन मीटर, एका माणसाची लांबी. शेवटच्या आकड्याला इतकी किंमत आहे.

उत्तर दिशाही दोन असतात, एक नकाशावरची खरी आणि दुसरी चुंबकाची. महाराष्ट्रात दोघींत फरक नगण्य आहे. ओरेगनमध्ये तो सुमारे १५ अंशांचा आहे. तिथे ही मांडणी चुकली, तर एक किलोमीटर चालल्यावर आपण अडीचशे मीटर बाजूला निघतो. दिशेच्या कोनाला इंग्रजीत ‘ॲझिमथ’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचे भावंड उर्दूत ‘सम्त’ म्हणून आजही नांदते. शब्दही किती लांबच्या वाटा चालून येतात!

पोर्टलंड शहरातच फॉरेस्ट पार्क नावाचे मोठे अरण्य आहे. डग्लस फरची झाडे इतकी उंच, की दुपारीही सांज झाल्यासारखी वाटते. तिथे माझ्या भाच्याने मला हा खेळ शिकवला. निघताना त्याने आधी मोटार उभी केलेली जागा यंत्रात नोंदवली. हा धडा पहिला. परतीची खूण पक्की केल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. पाऊण तास चाललो. यंत्राने आठ मीटर दाखवले आणि मी पडद्याकडे बघत गोल फिरू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “मामू, यंत्र आता खिशात ठेवा. लपवणारा मी असतो तर कुठे लपवले असते, तेवढेच बघा.”

यात या खेळाचे सगळे गणित आहे. लपवणाऱ्याचे यंत्र पाच मीटर चुकलेले असू शकते, आपलेही पाच. म्हणजे दहा मीटरांच्या वर्तुळात कुठेही डबा असू शकतो. तिथून पुढचे काम डोळ्यांचे. वेगळी ठेवलेली फांदी, फार नीट रचलेले दगड, पोकळ बुंधा, हे बघायचे. आम्हाला डबा एका पडलेल्या ओंडक्याच्या पोटात मिळाला. आत ओलसर वही आणि तिच्यात कितीतरी हातांच्या सह्या. मी माझी सही मराठीत केली.

शोधूनही सापडला नाही, तर बहुतेक डब्यांसोबत एक सूचकवाक्य दिलेले असते. ते सांकेतिक लिपीत असते. इंग्रजी मुळाक्षरे तेरा घरे पुढे सरकवलेली, म्हणजे ‘ए’च्या जागी ‘एन’. रानात बसून ते एकेक अक्षर सोडवण्यात वेगळाच आनंद आहे.

नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत. मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण वासाने जनावरे येतात. म्हणजे ज्या पहिल्या बादलीने हा खेळ सुरू केला, तिला आजच्या नियमांत जागा नाही! दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, जागेच्या मालकाची परवानगी हवी आणि सापडलेला डबा होता तिथे, होता तसाच परत ठेवला पाहिजे.

परवानगीच्या या नियमापाशी मी जरा थांबतो. परदेशातही असे डबे बॉम्ब समजून पोलीस धावल्याचे प्रकार झाले आहेत. आपण तर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही सूचना ऐकत रोजचा प्रवास करणारी माणसे. इथे पुलाखाली वाकून कुणी डबा ठेवताना दिसला, तर लोकांनी संशय घ्यावा, हे स्वाभाविक आहे. त्याने आपले नाव सांगितल्यावर तो संशय कमी होतो की वाढतो, हे त्या नावावर अवलंबून राहते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आपल्याकडे रेल्वे स्थानक, पूल, धरण, प्रार्थनास्थळ यांच्या आसपास डबा ठेवण्याचा विचारही करू नये. डबा पारदर्शक असावा, त्यावर खेळाचे नाव ठळक लिहावे आणि जागेच्या मालकाला तो उघडून दाखवावा. विश्वासाचा खेळ आहे, तो अविश्वासाला कारण होता कामा नये.

आणि डबा हवाच असेही नाही. याच खेळात ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे. त्यात काही लपवलेले नसते. सांगितलेल्या जागी जायचे, तिथला खडक किंवा भूरचना बघायची आणि प्रश्नाचे उत्तर द्यायचे. उल्कापातातून झालेल्या लोणार सरोवरापाशी शाळेच्या मुलांना असे दहा प्रश्न देता येतील. दुसरा प्रकार १९९६ पासून चालत आला आहे. अक्षांश आणि रेखांश यांचे पूर्ण अंश जिथे एकमेकांना छेदतात, तिथे जाऊन छायाचित्र काढायचे. १९ उत्तर, ७३ पूर्व हा छेद नवी मुंबईच्या परिसरात येतो, तर १८ उत्तर, ७४ पूर्व हा खंबाटकी घाटाच्या आसपास. सगळे आकडे शून्यावर आले, की मुले टाळ्या पिटतात. भूगोलाच्या पुस्तकातली ती आडवी-उभी जाळी पहिल्यांदा पायाखाली आलेली असते.

तेव्हा सुरुवात अशी करा. येत्या रविवारी हातातल्या मोबाइलवर आपल्या घराचे अक्षांश-रेखांश पाहून वहीत लिहा. मग ओळखीचे एक झाड, एक विहीर, एक जुनी वेस यांचे आकडे टिपा आणि ते मुलांना देऊन सांगा, जा, शोधून या. सोबत कागदी नकाशा, साधे होकायंत्र आणि पाण्याची बाटली द्या. सेल संपतात, पण नकाशा वाचायला शिकलेले डोळे आयुष्यभर पुरतात.