‘माझ्यानें होत नाहीं’ : मधुमेह आणि आत्मविश्वास



मधुमेह झालेल्या मनुष्यास काय खावें, काय वर्ज्य करावें, हें बहुधा तोंडपाठ असतें. अडतें तें आचरणांत. “मला सर्व कळतें, पण माझ्यानें होत नाहीं,” हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. त्याचा उत्तरार्ध हाच माझा आजचा विषय आहे.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, अमुक एक काम आपल्या हातून होईल, या विश्वासावर मनुष्याचा आरंभ व चिकाटी हीं बऱ्याच अंशीं अवलंबून असतात. हा विश्वास म्हणजे सर्वसाधारण धैर्य नव्हे. गोळ्या नेमानें घेणारे गृहस्थ लग्नाच्या पंगतींत जिलबीपुढें हार खातात. म्हणून तो एकेका कामापुरता निराळा जोपासावा लागतो.

त्याच्या वाढीचे चार मार्ग बांडुरा यांनीं सांगितले: स्वतःस आलेलें यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचें पाहिलेलें यश, विश्वासू माणसाचें उत्तेजन, आणि स्वतःच्या शरीराच्या व मनाच्या स्थितीचा लावलेला अर्थ. यांत पहिला सर्वांत बलवान. गणितास भिणाऱ्या मुलास आम्ही शिक्षक प्रथम सुटेल असेंच उदाहरण घालतों. तीच रीत येथें लागू आहे. रोज तासभर चालण्याच्या मोडलेल्या संकल्पापेक्षां रात्रीच्या जेवणानंतर १० मिनिटें चालण्याचा, आठवडाभर पाळलेला, संकल्प श्रेष्ठ होय.

घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें कीं, रक्तशर्करेचा आंकडा म्हणजे परीक्षेंतील गुण नव्हेत. ताप, दुखणें, मनस्ताप यांनींही साखर वाढते. “पुन्हां गोड खाल्लेंत ना?” अशा उलटतपासणीनें माणूस तपासणीच टाळूं लागतो. एचबीए१सी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी कल दाखविते. एका दिवसाच्या आंकड्यानें खचून जाऊं नये.

मात्र हा विश्वास औषधाची जागा घेत नाहीं. इन्शुलिन किंवा कांहीं विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर ७० मिलिग्रॅमखालीं उतरली, तर घाम सुटतो, हात कांपतात. याला भित्रेपणा समजून सोसूं नये. तात्काळ साखर खावी. औषधांतील फेरफार डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावा.

तेव्हां “माझ्यानें होत नाहीं” असें म्हणणाऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: “यांतलें कोणतें एक काम या आठवड्यांत तुमच्यानें खात्रीनें होईल?” आणि त्यानें सांगितलेलें काम कितीही लहान असलें, तरी तेथूनच आरंभ करूं द्यावा.