आकडा जुळत नाही, हे कुणाला सांगायचं?



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण येत्या काही आठवड्यांत नोकरीसाठी बेंगळुरूला निघतील. व्हाइटफील्ड, पीन्या, इलेक्ट्रॉनिक सिटी ही नावं तुमच्या रोजच्या बोलण्यात येतील. मुलाखतीच्या तयारीत तुम्हाला ‘कम्युनिकेशन’ शिकवलं गेलं असेल : अडखळू नका, नजर चुकवू नका, स्लाइड नेटकी करा. ते शिकलात हे चांगलंच झालं. पण नोकरीत खरी कसोटी लागते ती वेगळ्याच वेळी. काहीतरी चुकतंय असं वाटतं, खात्री नसते आणि समोर वरिष्ठ बसलेले असतात, तेव्हा.

एक उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचताना हातचं गेलं. लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरनं थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीनं ते न्यूटन-सेकंदांत धरले. फरक जवळजवळ साडेचार पटींचा! एवढं तुमच्या सरांनी वर्गात सांगितलं असेल. मला चौकशी अहवालातला पुढचा भाग अधिक अस्वस्थ करतो. यानाच्या मार्गावर लक्ष ठेवणाऱ्यांना वाटेतच आकडे खटकले होते. ते एकमेकांशी बोलले, ई-मेलही गेले. पण अडचण नोंदवण्याची जी रीतसर पद्धत होती, तिच्यात ही शंका नीट उतरली नाही आणि तिचा छडा लागायच्या आत यान मंगळापाशी पोहोचलं.

‘मी त्याला बोललो होतो’ हे वाक्य तुम्ही ऑफिसात पुष्कळदा ऐकाल. जिन्यात, चहाच्या टपरीवर, मीटिंग संपवून उठताना बोललेलं. तेवढ्यावर थांबू नका. शंका लिहा, ती कुणी तपासायची ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. यात उद्धटपणा नाही. हाही तुमच्या कामाचाच भाग आहे.

त्या अपघाताला पंधरा वर्षं आणि एक दिवस झाला, तेव्हा २४ सप्टेंबर २०१४ रोजी, आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत स्थिरावलं. सूत्रं हलत होती पीन्यातल्या इस्रोच्या केंद्रातून. संदेश यानापर्यंत पोहोचायला साडेबारा मिनिटं लागत होती, म्हणून इंजिन पेटवण्याच्या आज्ञा आधीच यानावर चढवून ठेवल्या होत्या. ऐनवेळी खुलासा विचारायची सोयच नव्हती. तुमचंही असंच होईल : तुम्ही संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्याला निरोप लिहाल, तेव्हा तो झोपलेला असेल आणि तो कामाला बसेल तेव्हा तुम्ही झोपायच्या तयारीत असाल. काय हवं, कधीपर्यंत, कोणत्या एककात, जमलं नाही तर पुढे काय, हे सगळं त्या एका निरोपात असू द्या.

आणि आता ज्यांच्याबद्दल मला आज मुद्दाम बोलायचं होतं, त्या सुलोचनाताई गाडगीळ. पुण्यात जन्मलेल्या, हार्वर्डला शिकलेल्या आणि बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केलेल्या. २०२५ मध्ये त्या गेल्या. मान्सूनवरचं त्यांचं सैद्धांतिक काम जगानं वाखाणलं आहे. पण त्या आणि त्यांचे सहकारी तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात, कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांकडेही गेले. यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के, या उत्तरावर तिथल्या शेतकऱ्याचं भागत नाही. पेरणी कधी करू? शेंगा भरायच्या दिवसांत पावसाचा खंड पडण्याचा धोका कोणत्या तारखेच्या पेरणीला कमी? त्याचा निर्णय या प्रश्नांवर अडलेला असतो. या मंडळींनी संशोधनाचा प्रश्नच शेतकऱ्याच्या निर्णयापासून मांडला आणि पावसाच्या जुन्या नोंदी व पिकाचं गणिती प्रारूप त्याला जोडून पाहिलं. संवादकौशल्याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही. इथे वक्तृत्व कुठेच नव्हतं. समोरच्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे आधी विचारलं गेलं, एवढंच.

जाता जाता एक आग्रह : बेंगळुरूला गेल्यावर कन्नड शिका. वर्कशॉपमधल्या ज्या तंत्रज्ञाला यंत्राचा आवाज बदललेला सगळ्यांत आधी कळतो, तो ते आपल्या भाषेत मोकळेपणानं सांगेल. त्याच्याशी इंग्रजीतच बोलत राहिलात, तर कदाचित तो काहीच सांगणार नाही.

चार-पाच वर्षांत तुमच्या हाताखाली माणसं येतील. त्यांतली एखादी नवखी मुलगी, डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी, सगळे घाईत असताना येऊन म्हणेल, ‘सर, हा आकडा जुळत नाहीये.’ बहुतेक वेळा तिचीच चूक निघेल. तरीही तिला बसायला सांगा, तिच्यासमोर तो आकडा तपासा आणि पुढच्या वेळीही असंच यायचं, हे तिला त्याच वेळी, सगळ्यांदेखत सांगा.