रात्रीच्या प्रवासाची शिदोरी



सौरनौकेची खरी परीक्षा सूर्यास्तानंतर सुरू होते. दिवसा उन्हावर नौका चालते. परंतु रात्री, ढगाळ दिवसांत, वादळात तिने काय करावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर होते बॅटरी. 'प्लॅनेटसोलर' या ३१ मीटर लांबीच्या नौकेने २०१० ते २०१२ या काळात केवळ सौरऊर्जेवर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तिच्या पाठीवर ५३७ चौरस मीटर सौरपॅनेल होती आणि पोटात साडेआठ टन बॅटऱ्या. विक्रम मोठा होता. पण शिदोरीचे ओझेही तितकेच मोठे होते.

दुसरे उत्तर आहे हायड्रोजन. उरलेल्या सौरविजेने शुद्ध पाण्याचे विघटन करायचे, निघालेला हायड्रोजन दाब देऊन टाक्यांत भरायचा आणि गरज पडताच तो इंधनघटात सोडायचा. तेथे हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो. वीज मिळते, उष्णता मिळते आणि मागे उरते ते केवळ पाणी. हे तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारासच दाखवून दिले होते.

फ्रान्समधील 'एनर्जी ऑब्झर्व्हर' या नौकेने ते समुद्रावर सिद्ध केले. १९८३ साली शर्यतीसाठी बांधलेली ही दुहेरी सांगाड्याची नौका नव्याने घडवून २०१७ साली सफरीवर निघाली आणि २०२४ साली सेंट मालो बंदरात परतली. समुद्राचे पाणी गोडे करून ती स्वतःचा हायड्रोजन स्वतःच बनवत असे. तिच्या बॅटऱ्यांत सुमारे ११२ युनिट वीज मावते. टाक्यांतील ६२ किलो हायड्रोजनपासून मिळते सुमारे एक हजार युनिट. तेवढ्या विजेसाठी बॅटऱ्या नऊपट कराव्या लागल्या असत्या.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. एक किलो हायड्रोजन बनविण्यास पन्नासहून अधिक युनिट लागतात आणि इंधनघटातून परत मिळतात जेमतेम पंधरा-सोळा. दोन तृतीयांश ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. बॅटरीत हा तोटा शंभरात दहाच्या आसपास असतो. शिवाय हा वायू हलका, सहज निसटणारा व ज्वालाग्राही; म्हणून टाक्या मोकळ्या हवेत आणि गळतीवर सतत पहारा ठेवावा लागतो.

मग कोठे काय वापरावे? केरळात वैकम-तवनक्कडवू जलमार्गावर २०१७ पासून धावणारी ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सौरनौका याचे उत्तर देते. अंतर थोडे, रात्री विश्रांती, काठावर वीज. तेथे बॅटरीच योग्य. हायड्रोजन शोभतो तो दीर्घ पल्ल्याला, जेथे काठ दूर आहे.

भारतानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या २४ मीटर लांबीच्या, ५० प्रवाशांच्या हायड्रोजन नौकेचे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जलावतरण झाले. डिसेंबर २०२५ मध्ये ती काशीला गंगेवर प्रवासी सेवेत आली. इंधनघट, बॅटरी आणि सौरवीज यांचा मेळ तिच्यात आहे. तिचा हायड्रोजन मात्र काठावरून भरला जातो, आणि खरी कसोटी तेथेच आहे. तो नैसर्गिक वायूपासून बनला असेल, तर धूर घाटावरून उठून कारखान्यात गेला, एवढेच म्हणावे लागेल. तो सूर्यापासून बनला, तरच गंगेवरील ती नौका सूर्यास्तानंतरही खऱ्या अर्थाने सूर्याच्याच बळावर चालेल.