शरीराचा वारसा : मार्फान विकार, आनुवंशिकता व नियमित तपासणी

(व्याख्यानाचा पाठ)



मिरजगावच्या पेठेत वारसा हा शब्द उच्चारला की दुकान, वाडा, शेती आणि वहीतील येणे-देणे डोळ्यांसमोर उभे राहते. त्याची वाटणी होते, खातेफोड होते, कागदावर सह्या होतात. परंतु शरीरही वारशानेच मिळते आणि त्याचा कागद कोणाच्याही कपाटात नसतो. या मूक वारशातील एका नोंदीची, ‘मार्फान सिंड्रोम’ या विकाराची, ओळख करून घेणे हा आजच्या विषयाचा हेतू आहे.

पॅरिस येथील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली विलक्षण लांब व सडपातळ हातपाय आणि बोटे असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचेच नाव पुढे या विकारास मिळाले. साधारणतः पाच हजारांत एका व्यक्तीस तो असतो. कारण मात्र १९९१ साली उमगले. पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असल्यास ‘फायब्रिलिन’ नावाचे प्रथिन सदोष किंवा अपुरे तयार होते.

फायब्रिलिनचे कार्य कापडाच्या व्यवहारात वावरलेल्यांना चटकन उमगेल. शरीराचे अवयव जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या संयोजी ऊती म्हणजे एक प्रकारचे विणकामच होय. त्यातील ताण सहन करणारा धागा कच्चा निघाला, तर कापड दिसायला ठीक दिसते, पण सततच्या ताणाने सैल पडत जाते. सांधे सैल, पाठीचा कणा एका बाजूस वळलेला, छातीचे हाड आत दबलेले किंवा पुढे आलेले, उंचीहून अधिक हातांचा पसारा, तीव्र लघुदृष्टी, डोळ्यातील भिंग जागेवरून सरकणे ही त्याची लक्षणे होत. प्रत्येकात सर्वच आढळतात असे नव्हे. उलट प्रत्येक उंच, सडपातळ मुलास हा विकार असतो असेही नव्हे.

खरा धोका हृदयातून निघणाऱ्या महाधमनीस असतो. ती हळूहळू फुगत जाते व त्याची वेदना होत नाही. अखेर एखाद्या दिवशी आतले अस्तर फाटून रक्त थरांमध्ये शिरते. छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत अकस्मात, फाडल्यासारखी कळ येते. तिला ‘गॅस’ समजून घरी थांबू नये. रुग्णालयात पोहोचताच घरात हा विकार असल्याचे प्रथम सांगावे, कारण हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गाठ विरघळविण्याचे इंजेक्शन दिले गेल्यास ते घातक ठरू शकते.

आता वारशाविषयी. दोषयुक्त जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले तरी पुरेसे असते. थॅलेसेमियात दोन्ही पालक वाहक असावे लागतात. येथे तसे नाही. म्हणून गोत्र टाळून विवाह केला म्हणजे निर्धास्त झालो, हा समज येथे उपयोगी नाही. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास ५० टक्के शक्यता असते. ही इस्टेटीची वाटणी नव्हे, की दोघांपैकी एकास मिळाले म्हणून दुसरा सुटला ! प्रत्येक जन्माच्या वेळी नाणे नव्याने उडविले जाते. मुलगा व मुलगी यांत भेद नाही. ज्यास दोष मिळालाच नाही, त्याच्याकडून तो पुढच्या पिढीस जात नाही. ‘एक पिढी सोडून’ तो प्रकटला असे वाटते, तेव्हा मधल्या पिढीत लक्षणे सौम्य असल्याने ती दुर्लक्षित राहिलेली असतात. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तर आई-वडील दोघेही निरोगी असून दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. म्हणून सुनेच्या माहेरास किंवा कोणाच्या आचरणास बोल लावणे सर्वथा अनुचित होय.

अमेरिकेची प्रख्यात व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, १९८४ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघाची खेळाडू, २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधील सामन्यात कोसळली आणि मरण पावली. शवविच्छेदनात हा विकार उघड झाला. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्याच्यातही तोच दोष आढळला आणि वेळीच शस्त्रक्रिया करण्यात आली. एकाचे निदान म्हणजे सर्व घरासाठी सूचना, हा त्यातील बोध आहे. आई-वडील, भावंडे व मुले यांची तपासणी झालीच पाहिजे. जनुकचाचणी प्रथम बाधित व्यक्तीची करावी. नेमका दोष सापडला की नातेवाइकांत तेवढाच शोधता येतो आणि ज्यांच्यात तो नाही ते आयुष्यभराच्या तपासण्यांतून मुक्त होतात.

तपासणीची शिस्त हिशेबाच्या वहीसारखी असावी. निदानानंतर टूडी इको, सहा महिन्यांनी पुन्हा, व स्थिती स्थिर असल्यास दरवर्षी. महाधमनीची मिलिमीटरमधील रुंदी तारखेसह एका वहीत लिहून ठेवावी. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा दोन वर्षांतील फरक अधिक बोलका असतो. प्रौढांत रुंदी साधारण ५० मिलिमीटरला पोहोचल्यास, आणि वाढ वेगाने होत असल्यास किंवा घरात धमनी फाटल्याचा इतिहास असल्यास त्याआधीच, शस्त्रक्रियेचा विचार होतो. डोळ्यांची व मुलांच्या कण्याची तपासणीही वेळोवेळी करावी. अहिल्यानगर येथे राष्ट्रसंत आचार्य आनंदऋषिजींच्या नावाने उभ्या असलेल्या रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे. जनुकीय सल्ल्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते.

शस्त्रक्रियेत फुगलेला भाग काढून तेथे डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टर कापडाचीच, नळी शिवतात. १९५० च्या दशकात डॉ. मायकेल डिबेकी हे ह्यूस्टनच्या दुकानात नायलॉन घेण्यास गेले. ते संपले होते, म्हणून त्यांनी डेक्रॉन आणले आणि पत्नीच्या शिलाई यंत्रावर नळ्या शिवल्या. पुढे ९७ व्या वर्षी, २००६ मध्ये, स्वतः डिबेकींची महाधमनी अशाच शस्त्रक्रियेने वाचविण्यात आली.

दैनंदिन पथ्येही महत्त्वाची आहेत. कापडाच्या गाठी किंवा धान्याची पोती उचलणे, दम रोखून जोर लावणे व धडकीचे खेळ टाळावेत, चालणे हितकर. धमनीवरील ताण कमी करणाऱ्या गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. म्हणून उपवास, अठ्ठाई वा चौविहारापूर्वी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. तप करावयाचे की नाही, हेही त्यांच्याशी बोलावे. सिप्रोफ्लोक्सासिन गटातील प्रतिजैविके, जी पोट बिघडल्यावर सहज घेतली जातात, त्यांच्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा रुग्णांसाठी इशारा दिला आहे. बाधित स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण गरोदरपणात धमनीवरील धोका वाढतो व लोसार्टनसारखी काही औषधे त्या काळात चालत नाहीत.

येथेच समाजाची कसोटी लागते. विवाह जुळविताना विकार लपविला जातो आणि त्याची किंमत पुढे सासरी गेलेली मुलगी प्राणाने मोजते. स्थळ परत जाईल ही भीती खोटी नाही. परंतु ती भीती घालविणे समाजाच्याच हाती आहे. १९७२ च्या एका अमेरिकी अभ्यासात या रुग्णांचे सरासरी आयुष्य अवघे ३२ वर्षे आढळले होते. आज वेळीच निदान व उपचार झाल्यास सत्तरीपर्यंतचे आयुष्य शक्य आहे. मधले अंतर माहितीचे व नियमित तपासणीचे आहे.

घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, कोणाच्या डोळ्याचे भिंग सरकले असेल, तर वडीलधाऱ्यांनी ते मुलांना सांगावे. इस्टेटीचे कागद आपण जपून सुपूर्द करतो. ही माहितीही तशीच सुपूर्द करावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र !