समुद्र उजव्या हाताला

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने 1014 किलोमीटरची पायवाट जाते, साउथ वेस्ट कोस्ट पाथ. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला पहारेकरी एकेका खाचेत डोकावत गस्त घालायचे; ही वाट त्यांच्याच पायांनी पडली. म्हणून ती सरळ अशी जातच नाही.

आज तिचा एकच दिवस चालू या: कॉर्नवॉलमध्ये पेंडीन दीपगृहापासून सेनन कोव्हपर्यंत, सुमारे 15 किलोमीटर. समुद्र उजवीकडे. थोड्याच वेळात लेव्हंट खाण लागते. कथील आणि तांब्यासाठी इथले कामगार समुद्रतळाखाली मैलभर आत गेले होते. 1919 मध्ये त्यांची ने-आण करणारं यंत्र तुटलं आणि 31 जण दगावले. पुढे बोटॅलकला कड्याच्या पायथ्याशी, लाटांच्या अगदी वर, दोन दगडी इंजिनघरं उभी आहेत. हा खाणपट्टा 2006 पासून जागतिक वारसा आहे. फोटो सगळेच काढतात. मला विचाराल तर शिदोरी इथेच सोडावी.

केप कॉर्नवॉलनंतर चढउतार आहेतच, शिवाय ग्विनव्हरच्या पुळणीआधी मोठमोठे धोंडे. बूट चांगल्या पकडीचे हवेत. आणि कड्याच्या काठाशी जाऊ नका, तो ढासळतो.